मामाचा सायलेन्सर, प्लॅटिनम आणि माझा चुकलेला अंदाज

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत, तरी काही उरलेत. चालवून घ्या.)

आज सुरुवात एका चोरीपासून करतो.

जून महिना. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी सव्वासहाला मामाचा फोन. मामाची भोसरीत व्हॅन आहे. सकाळ-दुपार शाळेची पोरं, रात्री एका कंपनीची शिफ्ट. त्या सकाळी त्याने चावी फिरवली आणि गाडी ट्रॅक्टरसारखी बोंबलली. खाली वाकून बघितलं, तर सायलेन्सरच गायब. चोरांनी स्टेपनी सोडली, बॅटरी सोडली, आतला म्युझिक सिस्टीमही सोडला. फक्त सायलेन्सर नेला.

मामा म्हणाला, "अरे इंजिनियर, त्या नळकांड्यात असं काय सोनं असतं रे?"

मी म्हटलं, "मामा, सोनं नाही, पण सोन्याच्या भावकीतलंच आहे." प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम. सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत चिनीमातीची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. त्या जाळीवर या धातूंचा इतका पातळ लेप असतो की सगळा खरवडून काढला तरी काही ग्रॅमच भरेल. इंजिनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड त्या लेपावरून जाताना कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन होतो. १ एप्रिल २०२० पासून आपण बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली, नियम कडक झाले आणि या डब्यांचं महत्त्व आणखी वाढलं. मुंबई, पुणे, गुजरात, सगळीकडे या सायलेन्सर चोरांच्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. ज्या गाडीचं पोट जमिनीपासून उंच, तिच्याखाली जॅक न लावता शिरता येतं. मामाची गाडी तसलीच. मॉडेल सांगत नाही, व्हॅनवाल्यांना बरोबर माहितीये.

आता खरी लाज वाटण्याची गोष्ट. मामाला हे सगळं समजावून सांगणारा मी, मीच २०२१ च्या शेवटी याच माइकवर बसून काय बोललो होतो? जुन्या श्रोत्यांपैकी दोघांनी त्या भागाची क्लिप मला परत पाठवलीये, म्हणून पळवाट नाही. मी म्हणालो होतो, "इलेक्ट्रिक गाड्या आल्या की सायलेन्सर गेला, सायलेन्सर गेला की प्लॅटिनम गेलं. पुढची दहा वर्षं निकेलची." आणि नुसतं बोललो नव्हतो. नोकरीतल्या पहिल्या मोठ्या बोनसचे पैसे एका ॲपवरून परदेशातल्या एका निकेल खाणकंपनीत टाकले होते. नाव घेत नाही. दोष तिचा नाही, माझा आहे. त्यातला रुपयाचा आता वीस पैसे उरलाय.

आणि प्लॅटिनम? २०२५ उजाडलं तेव्हा औंसाला ९०० डॉलरच्या आसपास होतं. जुलैत १,४०० च्या वर. औंस म्हणजे इथे ट्रॉय औंस, साधारण ३१ ग्रॅम.

म्हणजे माझा अंदाज नुसता चुकला नाही, उलटा पडला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी बीटेक मेटलर्जीचा आहे. शेवटच्या वर्षाला कॅम्पसमध्ये आयटी कंपनी आली, आमच्या बॅचमधले निम्मे तिकडे गेले, त्यात मी. तर ज्याने दुसऱ्या वर्षाला हे सगळं परीक्षेत लिहिलं होतं, तोच फसला. कुठे फसलो, ते आज बघू.

मी फक्त मागणी बघितली. गाड्या किती विकल्या जाणार, बॅटऱ्या किती लागणार, एक्सेल शीट, वर चढणारी रेघ. खडकातून निघालेलं ढेकूळ कारखान्याच्या दारात धातू म्हणून पोहोचेपर्यंत मधे काय होतं, ते मी पूर्ण गाळलं. आणि या दोन्ही धातूंचा सगळा खेळ त्या मधल्या जागेत आहे.

पहिली गंमत म्हणजे हे दोघं जमिनीखाली बऱ्याचदा एकाच घरात राहतात. दक्षिण आफ्रिकेत बुशवेल्ड नावाचा खडकांचा प्रचंड पट्टा आहे, साधारण २०० कोटी वर्षांपूर्वीचा शिलारस आतल्या आत गोठून झालेला. जगात खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के इथून येतं. हान्स मेरेन्स्की नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये तिथला थर शोधला, तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. या खडकात प्लॅटिनमसोबत निकेल आणि तांबं असतं. तिकडे रशियात नोरिल्स्कला उलटं. तिथे खाण निकेल-तांब्याची, आणि सोबत पॅलेडियम-प्लॅटिनम निघतं. एकाच्या घरात दुसरा भाडेकरू.

बुशवेल्डचा तो थर जेमतेम मीटरभर जाडीचा. माणसं जमिनीखाली काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत उतरतात आणि ताठ उभंही राहता येणार नाही अशा फटीत काम करतात. एक टन खडक वर आणला तर त्यात हे सगळे मौल्यवान धातू मिळून तीन ते पाच ग्रॅम. पाच रुपयांच्या नाण्याइतकंही वजन नाही.

मग तो खडक पिठासारखा दळायचा. पाण्यात कालवायचा, साबणासारखी रसायनं टाकायची, खालून हवा फुंकायची. फेस येतो आणि धातू धरून बसलेले सल्फाइडचे कण फेसाला चिकटून वर येतात. ताक घुसळल्यावर लोणी वर यावं तसं. कॉलेजात आम्ही हे प्रॅक्टिकल करायचो आणि फेसाचे फोटो काढायचो, बस. खाणीत तो फेस सुकवून विजेच्या भट्टीत वितळवतात, १,५०० अंशांच्या वर. दगडाचा मळ वर तरंगतो, धातूचं सल्फाइड खाली बसतं. मग कन्व्हर्टरमध्ये हवा मारून लोखंड आणि गंधक जाळायचं. मग निकेल आणि तांबं वेगळं काढायचं. हे निघाल्यावर जो गाळ उरतो तो पुढे मौल्यवान धातूंच्या रिफायनरीत जातो. म्हणजे निकेल बाहेर पडल्याशिवाय प्लॅटिनमचा नंबरच लागत नाही. खडक ते शुद्ध धातू, या सगळ्याला काही महिने लागू शकतात. आमच्या भाषेत, भयंकर लेटन्सी असलेली पाइपलाइन. आणि मधला एक सर्व्हर पडला की पुढचं सगळं ठप्प.

हे मी उगाच उपमा म्हणून सांगत नाहीये. फेब्रुवारी २०२० मध्ये अँग्लो अमेरिकन प्लॅटिनमच्या कन्व्हर्टर प्लांटच्या एका युनिटमध्ये स्फोट झाला. त्यांनी दुसरं, बॅकअपचं युनिट चालू करायला घेतलं. त्याच्या भट्टीत पाणी सापडलं, तेही बंद करावं लागलं. मार्चमध्ये कंपनीने हात वर केले, ठरलेला माल देऊ शकत नाही म्हणून जाहीर केलं. खाणी जागेवर, खडक जागेवर, कामगार जागेवर, फक्त एक यंत्र नाही. कोव्हिडचं लॉकडाऊन अजून लागायचं होतं, आणि जगाच्या प्लॅटिनमपैकी मोठा हिस्सा त्या आधीच अडकला. रात्री दोनला प्रायमरी गेला, बॅकअपवर टाकलं आणि बॅकअपही गेला, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना पोटात खड्डा पडला असेल.

आता वर्षभराचं प्लॅटिनम किती? खाणीतून साधारण १७० टन. प्लॅटिनम इतकं जड आहे की हे १७० टन दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच खोक्यात मावतील. पुण्यातल्या वन बीएचकेचं बाथरूम समजा. सगळ्या जगाचं, वर्षभराचं. निकेल याउलट वर्षाला ३७ लाख टनांच्या घरात.

इतक्या छोट्या बाजारात जरा इकडचं तिकडे झालं की भाव उडतो. मी २०२१ मध्ये म्हणालो सायलेन्सर जाणार. तो गेला नाही, कारण लोकांनी मोठ्या प्रमाणात हायब्रिड घेतल्या आणि हायब्रिडला इंजिन असतं, इंजिनाला कॅटॅलिस्ट लागतो. त्यात पेट्रोल गाड्यांमध्ये पूर्वी पॅलेडियम वापरायचे, ते प्लॅटिनमपेक्षा खूप महाग झालं तेव्हा कंपन्यांनी त्यातलं थोडं काढून प्लॅटिनम घातलं. एकदा इंजिन-कॅटॅलिस्टची जोडी पास करून घेतली की ते लगेच परत बदलत नाहीत, कारण पुन्हा सगळ्या टेस्ट आल्या. मग सोनं. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे तोळ्याला लाखाचा आकडा पार झाला, चीनमध्येही सोनं तसंच तापलं, आणि तिथल्या दागिनेवाल्यांनी प्लॅटिनमकडे मोर्चा वळवला.

आणि पुरवठा? भाव कित्येक वर्षं पडलेला होता. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण फुटलं, युरोपात डिझेल गाड्यांची पत गेली, आणि डिझेलचा कॅटॅलिस्ट म्हणजे प्रामुख्याने प्लॅटिनम. पडलेल्या भावात नवी खाण कोण खोदणार? खोल शाफ्ट बांधून माल यायला दहा वर्षं सहज जातात. म्हणजे आजची टंचाई तेव्हाच पेरली गेली. वर्ल्ड प्लॅटिनम इन्व्हेस्टमेंट काउन्सिलच्या हिशोबाने २०२३ पासून सलग दरवर्षी लाखो औंसांची तूट आहे. (ही संस्था खाणकंपन्यांच्या पैशावर चालते, तेव्हा तिचे आकडे वाचताना मीठ-बीठ लावून वाचा. पण जॉन्सन मॅथीचे अहवालही तुटीबद्दलच बोलतात.)

एक गोष्ट इथे बोललो नाही तर मला झोप येणार नाही. या पट्ट्यातली माणसं. १६ ऑगस्ट २०१२, मारिकाना. पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या प्लॅटिनम कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, ३४ जण गेले. २०१४ मध्ये त्याच पट्ट्यात पाच महिने संप चालला. आमच्या एक्सेल शीटमध्ये याला 'सप्लाय रिस्क' म्हणतात. एका सेलमध्ये बसतं.

आता निकेल. इथे माझी चूक जास्त शिकवणारी आहे.

निकेल आपल्या स्वयंपाकघरात आहे. जगातलं साधारण दोन तृतीयांश निकेल स्टेनलेस स्टीलमध्ये जातं. ३०४ ग्रेडच्या चांगल्या स्टीलमध्ये आठ टक्के निकेल असतं. भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक लावून बघतात ना, त्याने सगळं कळत नाही बरं का. आपल्याकडे भरपूर खपणाऱ्या २०० सिरीजच्या स्टीलमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, तरी चुंबक त्यालाही चिकटत नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चाळीस वर्षं डबे वापरतेय, तू नको शिकवू." असो.

२०२१ मध्ये सगळे म्हणत होते की बॅटरीला लागतं ते अतिशुद्ध निकेल, आणि ते जगात कमी आहे. स्टीलवाल्यांना चालणारं हलकं निकेल वेगळं, बॅटरीचं वेगळं, मधे भिंत. माझी सगळी गुंतवणूक या भिंतीवर उभी होती. आणि भिंत पाडायचं काम आधीच सुरू झालं होतं.

इंडोनेशियाकडे निकेलचा लाल मातीसारखा खडक आहे, लॅटराइट. पूर्वी ते कच्ची माती जहाजात भरून चीनला विकायचे. २०१४ मध्ये त्यांनी कच्च्या मालाची निर्यात बंद केली, २०१७ मध्ये थोडी सैल केली, आणि जानेवारी २०२० पासून परत बंद. म्हणणं सरळ होतं. माती नेऊ देणार नाही, कारखाना आमच्याकडे आणा. चिनी कंपन्यांनी आणला. सुलावेसी बेटावर मोरोवाली, हालमाहेरावर वेडा बे. भट्ट्या, कोळशाची वीजकेंद्रं, बंदर, विमानतळ, सगळं. आज जगाच्या खाणीतल्या निकेलपैकी निम्म्याहून बरंच जास्त इंडोनेशियातून येतं. २०२४ मध्ये ६० टक्क्यांच्या आसपास.

मार्च २०२१ मध्ये त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने, त्सिंगशानने, जाहीर केलं की स्टीलच्या दर्जाचं निकेल आम्ही मॅट बनवून बॅटरीवाल्यांना देऊ. त्या बातमीने बाजारात निकेल धाडकन पडलं. मी तो एपिसोड केला त्याच वर्षाच्या शेवटी. बातमी मी वाचली होती. 'महाग पडेल, जमणार नाही' म्हणून सोडून दिली.

दुसरा रस्ता आणखी धाडसी. लॅटराइटचा वरचा थर हलका, त्यात निकेल कमी. तो एका अजस्र प्रेशर कुकरमध्ये घालायचा, सोबत सल्फ्युरिक ॲसिड. तापमान २५० अंशांच्या आसपास, दाब हवेच्या चाळीस-पन्नास पट. निकेल आणि कोबाल्ट ॲसिडमध्ये उतरतं, लोखंड बरंचसं मागे राहतं. याला एचपीएएल म्हणतात. ऑस्ट्रेलियात, न्यू कॅलेडोनियात असे प्लांट बांधताना कंपन्यांचे वर्षानुवर्षं हाल झाले, बजेट कुठल्या कुठे गेलं. आमच्या सरांनीही वर्गात सांगितलं होतं, कागदावर सोपं, प्लांटमध्ये डोकेदुखी. इंडोनेशियात चिनी इंजिनियरांनी ते भराभर आणि स्वस्तात उभं करून चालवून दाखवलं. भिंत पडली.

मधे ८ मार्च २०२२ चा तमाशाही झाला. लंडन मेटल एक्सचेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं. त्सिंगशाननेच भाव पडेल म्हणून मोठी पैज लावलेली, आणि रशिया-युक्रेन युद्धामुळे भाव उलटा चढला. एक्सचेंजने व्यवहार थांबवले आणि त्या सकाळचे सौदे चक्क रद्द केले. मी त्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये स्वतःला जीनियस समजत होतो. चार दिवस टिकलं ते.

मग एलएफपी बॅटरी. लोह आणि फॉस्फेटची, निकेलचा थेंब नाही. आपली नेक्सॉन ईव्ही एलएफपीवरच चालते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनुसार २०२४ मध्ये जगातल्या ईव्ही बॅटऱ्यांपैकी जवळपास निम्म्या एलएफपीच्या होत्या. म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या येतील हे मी बरोबर सांगितलं होतं. त्या निकेलशिवाय येतील हे मला दिसलं नाही. २०२५ मध्ये निकेल टनाला १५ हजार डॉलरच्या आगेमागे घुटमळत होतं. बीएचपीने ऑस्ट्रेलियातलं निकेल वेस्ट ऑक्टोबर २०२४ पासून थांबवलं. न्यू कॅलेडोनियातल्या कोनियांबोच्या भट्ट्या त्याच वर्षी विझल्या.

स्वस्त निकेलची किंमत कोणीतरी दुसऱ्याने भरली, हेही सांगायला हवं. २४ डिसेंबर २०२३, मोरोवालीत भट्टीच्या दुरुस्तीच्या वेळी स्फोट, वीसपेक्षा जास्त कामगार गेले. जंगलं गेली, ॲसिडचा गाळ कुठे ठेवायचा हा प्रश्न आहेच. जून २०२५ मध्ये राजा आंपातच्या बेटांवर इतकी ओरड झाली की सरकारला चार कंपन्यांचे परवाने रद्द करावे लागले.

मग पुढे काय? माझा ट्रॅक रेकॉर्ड बघता हा प्रश्न मला विचारू नये, पण विचारलाय खूप जणांनी.

निकेलचं माझं मत असं की भाव आता मागणीवर कमी आणि जकार्ताच्या निर्णयावर जास्त ठरेल. खाणींचा कोटा किती, रॉयल्टी किती, एवढं बघा. स्टीलमधली मागणी हळूहळू वाढत राहील, ती कुठे पळून जात नाही. प्लॅटिनमचं उलट. पुरवठा पटकन वाढणार नाही, पण महाग झालं की लोक पर्याय शोधतात, जुने दागिने मोडतात, भंगार बाहेर काढतात. आणि चोर सायलेन्सर कापतात. तेव्हा 'प्लॅटिनम घ्या' असं मी म्हणत नाहीये. क्लिप काढणाऱ्यांनी हे वाक्यही घ्या. हायड्रोजनमध्ये दोघांनाही जागा आहे. पीईएम इलेक्ट्रोलायझरला प्लॅटिनम आणि इरिडियम लागतं, अल्कलाइनला निकेल. पण ती मागणी अजून बाळसं धरतेय, तिच्या जिवावर आज कोणी भाव सांगत असेल तर जरा सावध.

आपल्याकडचं काय? जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० क्रिटिकल मिनरल्सची यादी काढली. त्यात निकेलही आहे आणि प्लॅटिनम गटही. दोन्हीच्या खुणा ओडिशात आहेत, सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींच्या वरच्या मातीत निकेल आहे. पण खाणीतून निकेल काढून धातू करणं आपल्याकडे चालू नाही. गोव्यात निकोमेट नावाचा कारखाना आहे, तो डिसेंबर २०२१ मध्ये वेदांताने घेतला. निकेल बनवणारा देशातला तो एकमेव म्हणून त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. एवढासा धागा, पण आपल्या शेजारचा आहे.

मला जास्त आशा भंगारात वाटते. जुन्या कॅटॅलिस्टच्या एक टन चिनीमातीत हे धातू किलो-दोन किलो निघू शकतात. आफ्रिकेत दोन किलोमीटर खाली उतरून टनाला तीन ते पाच ग्रॅम. म्हणजे भोसरीचं भंगार मार्केट बुशवेल्डपेक्षा शेकडो पटींनी श्रीमंत आहे! आपल्याकडे गोळा करणारे आहेत, डबा हातात घेऊन किंमत सांगणारे आहेत. वितळवून, विरघळवून शेवटचा शुद्ध धातू काढणारे मात्र मोजके. ते काम बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर वर्षानुवर्षं करतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने क्रिटिकल मिनरल्सच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. त्यातलं किती जमिनीवर उतरतं ते बघू. मेटलर्जीची जी पोरं मला 'कोडिंग शिकू का' म्हणून मेसेज करतात, त्यांनी शिका, जरूर शिका. पण हायड्रोमेटलर्जीचं पुस्तक रद्दीत देऊ नका. मी दिलं होतं. या एपिसोडसाठी परत विकत घेतलं.

हां, मामाचं राहिलं. नवा ओरिजिनल सायलेन्सर पन्नास हजारांच्या घरात सांगितला. एका गॅरेजवाल्याने दुसरा मार्ग दाखवला, रिकामा डबा, आत जाळी नाही, काही नाही, साडेतीन हजार. "आवाज बंद होईल, पीयूसीचं बघून घेऊ." मामा दोन दिवस विचार करत होता. नऊ दिवस गाडी उभी, शाळेच्या पालकांनी दुसरी व्हॅन बघायला सुरुवात केलेली. शेवटी मी म्हटलं, ओरिजिनल टाक, निम्मे मी देतो. माझ्या निकेलच्या शेअरमध्ये जे वीस पैसे उरले होते, ते विकले आणि दिले. तसा तो पैसा शेवटी प्लॅटिनममध्येच गेला म्हणायचा.

मामाने सायलेन्सरला खालून लोखंडी पिंजरा वेल्ड करून घेतलाय. परवा फोन आला, म्हणाला, "गॅरेजवाला म्हणतो, आता पिंजऱ्यासकट नेतात."